मॅडमनी जुळवलेलं स्थळ

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. घाटघरच्या अलीकडे डोंगराला चिकटून आमची चार घरांची वाडी. तिथली माणसं या खाचरातून त्या खाचरात इतक्या मोठ्यानं बोलतात की नव्या पाहुण्याला वाटावं भांडण पेटलंय. आमच्या घरात मात्र बोलवायचं म्हणजे जमिनीवर टाच आपटायची. सारवलेल्या भुईतून तो दणका हौसाच्या तळपायाला पोचायचा आणि ती मान वर करायची. हौसा माझी थोरली बहीण. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलणंही आलं नाही. वाडीत तिला सगळे मुकी म्हणत. त्यात कुणाचा वाईट हेतू नसे, पण मला तो शब्द तेव्हाही डोक्यात जायचा आणि साठी उलटली तरी अजून जातो. मुकी कसली? आमच्या घरात सगळ्यांत बडबडी तीच होती.

तिची भाषा तिला कुणी शिकवली नव्हती. तिनं आणि आईनं मिळून ती चुलीपाशी बसून घडवली असणार. मी कळती झाले तेव्हा ती तयारच होती, जसं घरात जातं होतं, उखळ होतं. नाकपुडीला बोट लावलं की आई, कारण आईच्या नाकात चमकी होती. करंगळी दुमडली की बाबा, कारण त्यांच्या करंगळीचं एक पेर कोयत्यानं गेलं होतं. मी म्हणजे पुढे काढलेला खालचा ओठ. लहानपणी मी सारखी रुसायचे म्हणे. पुढे मी मास्तरीण झाले, पन्नास पोरांना धाकात ठेवू लागले, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, तरी आमच्या बाईसाहेबांनी माझं नाव काही बदललं नाही. वाडीतल्या प्रत्येक माणसाला तिनं असं एक नाव ठेवलं होतं आणि त्यातली निम्मी नावं चारचौघांत करून दाखवण्यासारखी नव्हती. आई तिचा हात धरून खाली दाबायची आणि स्वतःच पदराआड हसायची.

घर म्हणजे एक मोठी खोली आणि पुढे पडवी. सकाळी भात सडण्याचा दणदण आवाज चालायचा. हौसा मुसळ उचलायची तेव्हा आईचा आणि तिचा ठेका कधी चुकत नसे. तो तिला पायांतून कळायचा. नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, कधी हुलग्याचं कालवण, नि गुळाचा कोरा चहा. दूध असलं तरी ते डेअरीला जायचं. मी तेव्हा ओतूरला कॉलेजात होते आणि आमच्याच भावकीतल्या एका घरी राहायचे. सुट्टीला एसटीनं घरी आले की हौसा मला पडवीत बसवून महिन्याभराच्या बातम्या सांगायची. कुणाची गाय व्याली, कुणाची सून माहेरी निघून गेली, कुणी कुणाच्या बांधावरचं झाड तोडलं. ओतूरच्या बाजारात ऐकलेल्या बातम्यांना तिच्या बातम्यांची चव नसे.

पण तिच्या वयाच्या मुली दोन-दोन लेकरांच्या आया झाल्या होत्या आणि हौसा घरातच होती. हे दुखणं आईच्या पोटात होतं. खायला-प्यायला काय, दोन खाचरं आहेत, बहीण शिकतेय, कसंही निभेल, असं बाबा म्हणायचे. आईचा घोर वेगळा होता. "खायाला कुनीबी घालील," ती म्हणायची, "पर आमच्या मागं हिच्याशी बोलंल कोन?" मढ गावाकडचा एक बिजवर एकदा येऊन गेला होता. चांगला पोरंबाळं असलेला माणूस. पडवीत बसून म्हणाला, मुकी हाय त्ये बरंच, उलटून बोलायची न्हाई. आईनं त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं. नंतर दिवसभर ती भांडी आपटत होती, आणि हौसा मला विचारत होती, हिला झालंय काय.

आमच्या कॉलेजातल्या एका सरांच्या ओळखीनं पुण्याच्या वासंती मॅडम माझ्याकडे आल्या. पस्तिशीच्या असतील. अंगात खादीचा झब्बा, पायात चपला, आणि खेड्यातल्या माणसांशी बोलताना उगाच गोड होणारा आवाज नाही, म्हणून मला त्या आवडल्या. माणूस पहिल्यांदा बोलायला कसा लागला, याचा त्या अभ्यास करत होत्या. मी त्यांना सुट्टीत घरी घेऊन गेले. त्यांनी बाबांना समजावून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर बाई, त्ये कळनार कसं? तवा ल्याहाया कोन व्हतं?"

"म्हणून तर हौसाकडे आलेय," मॅडम म्हणाल्या. "तिला कुणाची भाषा ऐकायला मिळाली नाही, तरी तिनं स्वतःची तयार केली. अगदी पहिल्या माणसांनी केली असेल, तशी."

"म्हंजी आमची हौसा पयल्या माणसांतली," बाबा म्हणाले आणि आईकडे बघून हसले.

मॅडम घाटघरच्या शाळेच्या खोलीत उतरल्या. सोबत कॅमेरा चालवणारा एक जण होता. त्या हौसाला चित्रं दाखवायच्या. माणूस झाडावरून उतरतोय, बाई भांडं फोडते, असली. हौसानं ते हातांनी आईला सांगायचं आणि आईनं मॅडमना. हौसाला हा पोरखेळ वाटला. भांडं फोडणाऱ्या बाईला तिनं शेजारच्या चुलतीचं नाव देऊन टाकलं, आणि आईला ते मॅडमना सांगताना घाम फुटला. पण मॅडम आमच्यासारख्याच भुईवर बसून जेवायच्या, चटणीनं वाहणारं नाक पुसत ती पुन्हा मागायच्या. आईला त्यांचा भरवसा वाटायला लागला. मग एक दिवस मॅडम म्हणाल्या की आंबेगाव तालुक्यात, आहुप्याच्या अंगाला एका वाडीवर हौसासारखाच एक तरुण आहे. किसन त्याचं नाव. त्यालाही ऐकू येत नाही, त्याच्याही घरच्यांपुरत्या वेगळ्या खुणा आहेत. त्याला त्याच्या चुलत्यासोबत इथे आणावं, थोडे दिवस या दोघांनी भेटावं, आणि एकमेकांची एकही खूण माहीत नसलेली दोन माणसं काय करतात ते पाहावं. हे त्यांनी नीट, सविस्तर सांगितलं. त्यात फसवाफसवी काही नव्हती.

आता माझ्या आईबापाच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? लग्नाच्या वयाची मुलगी घरात. एक शिकलेली, प्रतिष्ठित बाई म्हणते, एक मुलगा आहे, तुमच्या मुलीसारखाच, त्याला वडीलधाऱ्या माणसासोबत तुमच्या घरी घेऊन येते. आमच्याकडे या गोष्टीला एकच अर्थ आहे. अभ्यास वगैरे बोलणं हे शिकल्या माणसाचं आडवळण, असं बाबांनी धरलं. स्थळ आणणाऱ्यानं थेट विषय काढायचा नसतो, इकडचं तिकडचं बोलायचं असतं, ही रीतच आहे. मलाही तसंच वाटलं. अकरावीच्या पुस्तकातलं इंग्रजी घडाघडा वाचणारी मी, पण मनातल्या मनात हौसाच्या हळदीपर्यंत जाऊन आले होते. आई त्या दिवशी तुळशीपाशी जरा जास्तच वेळ उभी राहिली.

ते जीपमधून आले. चुलता परीटघडीची टोपी घालून, पिशवीत नारळ घेऊन. म्हणजे तिकडेही तीच समजूत झालेली. किसन उंच, हाडकुळा, नवा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला. त्यांची सोय घाटघरात त्यांच्याच एका पाहुण्याकडे होती. आईनं शेजारणीकडून नवं लुगडं आणून हौसाला नेसवलं होतं, गुळाचा शिरा केला होता. पडवीत एका बाजूला ते, एका बाजूला आम्ही, आणि मधोमध घडी घातलेली घोंगडी मॅडमसाठी. स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाची ती जागा. तिथे बसलेल्याला आधी पाणी द्यायचं, आधी ताट द्यायचं, आणि सगळं बोलणं त्याच्या तोंडून व्हायचं. मॅडम आनंदानं जाऊन तिथे बसल्या. कॅमेऱ्याला दोन्ही बाजू नीट दिसतात, असं काहीतरी त्या सोबत्याला म्हणाल्या. आज आठवलं की हसू येतं, आणि मग हसूही जातं.

पहिल्या भेटीत दोघंही दगडासारखी बसली. मॅडमनी चित्रं पुढे ठेवली, कुणी हात लावला नाही. मग किसननं आमच्या कुत्र्याकडे बघून एक खूण केली. कान नव्हे, शेपटी नव्हे, जीभ बाहेर काढून धापा टाकणारं कुत्रं. हौसा खळखळून हसली. तिची खूण वेगळी होती, पण त्या दिवसापासून तिनं त्याची घेतली. दुसऱ्या भेटीत त्यानं तिची पाण्याची खूण घेतली. मग चित्रं बाजूला पडली. तेव्हा आमच्याकडे बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, वेचायचे दिवस होते. किसनला नुसतं बसणं जमेना, तो झाडावर चढून फांद्या हलवायला लागला. खाली हौसा चादर धरून, वरून तो एका हातानं बोलायचा, आणि खालून ती चादर टाकून दोन्ही हातांनी. कॅमेरेवाला बिचारा तिवई घेऊन उन्हात धावायचा. हिरडा कमी पडायचा आणि बोलणं जास्त. एकदा त्यांचं भांडणसुद्धा झालं. कशावरून ते कुणाला समजलं नाही. संध्याकाळपर्यंत मिटलंही.

आणि मग असं व्हायला लागलं की मला त्यांचं कळेना. पाळण्यात होते तेव्हापासून मी हौसाचे हात वाचत आले होते. सुरुवातीला खुणा मोठ्या होत्या, अख्खा दंड हलायचा. मग त्या लहान लहान होत गेल्या, बोटांवर आल्या, एकामागून एक भराभर जायला लागल्या. मी विचारलं की हौसा मला सावकाश, जुन्या खुणांनी सांगायची, लहान मुलाला सांगावं तसं. आणि तेही अर्धंच. बाकीच्याला हात झटकून म्हणायची, तुला नाही कळायचं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. मॅडमचे डोळे मात्र भरून आले होते. "सुमन, हे बघायला मिळावं म्हणून लोक जन्मभर वाट बघतात," त्या मला म्हणाल्या. "दोन माणसं भेटली आणि भाषा झाली. कुणी शिकवली नाही. ठरवली नाही." आईलाही दुसऱ्याच कारणानं रडू येत होतं. हौसाच्या घशातून एक आवाज यायला लागला होता, बोलता बोलता हसताना, जो आम्ही कधी ऐकला नव्हता. सकाळी उठली की ती पहिल्यांदा दारात जाऊन घाटघरच्या वाटेकडे बघायची.

शेवटच्या दिवशी आईनं कोंबडी केली. जेवणं झाली, सुपारी फिरली. किसन आणि हौसा अंगणात आंब्याखाली बसून बोलत होते, पाठ आमच्याकडे. चुलत्यानं टोपी नीट केली आणि मॅडमकडे वळला.

"मंग बाई, आमच्या बाजूनं न्हाई म्हनायचं काई न्हाई. पोरगं लई खूश हाय. तुमी मधी हाय, तुमीच सांगा, सुपारी कवा फोडायची?"

मॅडम आधी हसल्या. मग त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "काका, मी त्यासाठी नाही हो आणलं यांना. हा फक्त अभ्यास होता. लग्नाचं मी काहीच बोलू शकत नाही."

"म्हंजी? पोरगं आनलं तुमी, बशिवलं तुमी, आन् आता तुमीच बोलत न्हाई?"

"मी त्यात पडणं बरोबर नाही. त्या दोघांचं, तुमचं काय ते तुम्ही ठरवा. माझं हो पण नाही, नाही पण नाही."

पुण्यात हे सभ्यपणाचं बोलणं असेल. दुसऱ्याच्या आयुष्यात लुडबुड करायची नाही, हा त्यांचा नेमच होता, आणि नंतर शिकल्यावर मला तो कळलाही. पण आमच्याकडे मधला माणूस ऐन वेळी असा मागं सरला तर त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. त्याला काहीतरी कळलंय आणि ते तोंडानं सांगवत नाही. चुलता उठून उभा राहिला.

"काय खोट हाय म्हनायची, बाई?"

"खोट काहीच नाही. मुलगी फार चांगली आहे."

"मंग मागं का सरता?"

बाबा हात जोडून पुढे झाले. "पावणं, बसा की. खोट हाय ती तुमच्या डोळ्याम्होरं हाय. दुसरी काय बी न्हाई."

"पोरीचा बाप दुसरं काय म्हननार?" चुलता म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. त्यालाही वाईटच वाटत होतं, असं मला तेव्हाही वाटलं. त्यानं अंगणात जाऊन किसनच्या खांद्यावर हात ठेवला. किसननं हौसाला घाईघाईनं काहीतरी सांगितलं, तिनं काहीतरी उत्तर दिलं, दोघंही हसली. जीप वळणावर दिसेनाशी झाली तरी ती हसतच होती. तिच्या मागे पडवीत काय झालं ते तिला कळायचं काही कारणच नव्हतं.

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी आईचे हात धरून रडल्या. मी त्यांच्याशी बोलून बघते, चिठ्ठी लिहिते, म्हणाल्या. आई नुसती मान हलवत होती. एकदा मध्यस्थानं टाकलेलं स्थळ मध्यस्थानंच पुन्हा उचललं, तर शंका दुप्पट होते. हे त्यांना सांगायला आमच्यापैकी कुणातच बळ नव्हतं.

भात पेरण्याआधी बाबा स्वतः डोंगर उतरून आहुप्याकडे गेले. पोरीच्या बापानं असं आपणहून जाणं म्हणजे डोक्यावरचं पागोटं काढून ठेवणंच, पण गेले. परत आले ते पडवीत टेकून बराच वेळ पाणीच पीत राहिले. चुलत्यानं चहा दिला, जेवू घातलं, आणि सांगितलं की किसनचं लग्न ठरलंय, बोलती-ऐकती पोरगी आहे, एका पायानं अधू. मग म्हणाला, "पावणं, तुमीच इचार करा. दोगं बी आशी, आन् पोर पाळण्यात रडलं, तर ऐकनार कोन?" एवढं सांगून बाबांनी तांब्या खाली ठेवला. मग खाली बघून म्हणाले, "पोरगं माज्या माग माग वाडीच्या वेशीपातुर आलं. हातानं येकच कायतरी सारखं इचारत व्हतं. मला कळलं न्हाई. पर हिचंच इचारत आसनार."

हौसा समोर उभी राहून बाबांचं तोंड बघत होती. सांगायचं काम आईवर आलं. आमच्या घरच्या खुणांत 'येणं' होतं, 'नाही' होतं. आईनं तेवढंच सांगितलं, येणार नाही. हौसानं विचारलं, उद्या? आई म्हणाली, नाही. पावसानंतर? नाही. मग तिनं आणखी काहीतरी विचारलं, त्या नव्या, बोटांवरच्या बोलण्यात. आईनं माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे. का, असं विचारत असावी. आमच्या जुन्या खुणांत 'का'ला काही नव्हतंच. आणि असतं तरी उत्तराला कुठल्या खुणा होत्या? मध्यस्थ, रीत, संशय, पाळण्यातलं न जन्मलेलं पोर, हे कुठल्या बोटांवर सांगायचं?

पुढची दोन-तीन वर्षं ती आमच्याशी त्याच बोलीत बोलत राहिली. जेवताना, भाताच्या आवणीत चिखलात वाकलेली असताना मध्येच कंबर ताठ करून, ती आम्हाला काही लांबलचक सांगायची आणि थांबून तोंडाकडे बघायची. आम्ही मान डोलवायचो. तिला मान डोलवण्यातलं खोटं लगेच कळायचं. मी शिकायचा प्रयत्न केला, पण ती शिकवणार कशी? त्या खुणा त्या दोघांत कशावरून तरी झाल्या होत्या, एखाद्या गमतीवरून, एखाद्या फांदीवरून, त्या भांडणावरून. त्याला साक्षीदार तो एकच. मग हळूहळू तिनं ते सोडलं. जुन्या खुणांवर आली. मग त्याही कमी झाल्या. आई गेली, बाबा गेले, मी तिला ओतूरला माझ्याकडे आणलं. गेली कित्येक वर्षं ती दिवसचे दिवस हात मांडीवर ठेवून बसते. माझा मुलगा म्हणतो, मावशी किती शांत आहे.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून एक मुलगा आला. चांगला, नम्र पोरगा. वासंती मॅडम आता राहिल्या नाहीत, त्यांच्या टेपा त्यानं कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या. त्याला प्रत्येक खुणेचा अर्थ हवा होता. आधी तो आहुप्याकडे जाऊन आला होता. किसन काही वर्षांपूर्वीच गेला, असं त्यानंच सांगितलं. "आजी, जगात असं काम फार थोडं आहे," तो म्हणाला. "दोन माणसं भेटली की भाषा कशी होते, ते यात दिसतं." मी विचारलं, आणि त्यातलं एक माणूस काढून नेलं की तिचं काय होतं, त्यावर काही काम आहे का? तो गडबडला. त्यावर मला माहीत नाही, म्हणाला. त्याचा काय दोष, त्याला मी उगाच टोचलं.

हौसाला आम्ही जवळ बसवलं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, दिसतं चांगलं. पडद्यावर पडवी आली, आई आली. आईला तिनं ओळखलं, बोटानं पडद्यावर तिचा गाल चाचपला. मग हिरड्याची झाडं आली. चादर टाकून भराभर हात चालवणारी वीस वर्षांची पोर, आणि फांदीवरून वाकलेला तो. मी हौसाला सांगितलं, ही तू. तिनं खूप वेळ पाहिलं, पुढे सरकून, तोंड थोडं उघडं ठेवून. एकदा त्या पोरीचे हात हलले तसे तिनं स्वतःचे हलवून बघितले. मध्येच अडली, पुन्हा हलवले, पुन्हा तिथेच अडली. हात खाली घेतले. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारली, पडद्यावरच्या पोरीकडे बोट केलं, आणि मला विचारलं, मी काय म्हणतेय?

पेन उघडून तो मुलगा माझ्याकडे बघत होता. हौसाही माझ्याकडेच बघत होती.